मिठाची चौकशी

“शेठजी, आज भाजीत मीठ आहे ना?”

रोज सकाळी शाळेत जाताना सर माझ्या दुकानाच्या पायरीवर थांबून एवढंच विचारायचे. नमस्कार नाही, रामराम नाही, कसं काय चाललंय नाही. समोर गिऱ्हाईक ताटकळत असो, माझ्या हातात तराजू लोंबकळत असो, उत्तर मिळाल्याशिवाय गडी हलायचा नाही. मी म्हणायचो, “आहे हो सर, भरपूर आहे.” त्यावर ते हमखास म्हणायचे, “भरपूर नको. नेहमीइतकं.” मग छत्री या काखेतून त्या काखेत आणि स्वारी शाळेकडे. शहाद्याच्या बाजारपेठेत तेव्हा आमची मारवाड्यांची दहा-बारा दुकानं होती, त्या सगळ्यांना हा प्रश्न पाठ झाला होता. समोरचा कापडवाला तर मला बघितलं की सरांचा आवाज काढून तेच विचारायचा आणि स्वतःच खो-खो हसायचा. मीही हसायचो. देवा, किती हसलो मी त्या माणसाला!

आता ऐंशी उलटली. अजूनही जेवताना सून विचारते, “बाबूजी, मीठ बरोबर आहे ना?” ती बिचारी सहज विचारते, आणि मी ताट बाजूला सारतो. तिला कारण माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, म्हणून एकदा सांगून टाकतो.

सर आमच्या माडीवर भाड्यानं राहायला आले ते दुष्काळात, रेशनवरचा मायलो खाण्याच्या दिवसांत. हायस्कुलात शास्त्र शिकवायला आलेले, मूळचे कोकणातले, चाळिशीच्या आसपासचे, एकटे. सामान म्हणजे एक वळकटी, पुस्तकांच्या दोन ट्रंका आणि एक पेचकस. त्या पेचकसानं त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खोलीच्या दाराच्या कड्या काढल्या. आतलीही आणि बाहेरचीही. आमचा हमाल पाठीवरची गोणी जिन्यातच टाकून धावत दुकानात आला.

“शेठ, हाऊ मास्तर येडा शे का? दारनी कडी काढी ऱ्हायना!”

मी वर गेलो. सर घामाघूम होऊन शेवटचा स्क्रू पिळत होते. “सर, अहो चोरबीर शिरला तर?” मी म्हटलं.

“शिरू द्या. त्याला परत जाता तरी येईल,” ते म्हणाले आणि दोन्ही कड्या माझ्या हातात ठेवल्या. “या तुमच्या. खोली सोडीन तेव्हा बसवून देईन.”

आमच्या माँनं खालून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. पण भाडं वेळेवर यायचं, माणूस चहासुद्धा मागायचा नाही, बायकांच्या वाटेला जायचा नाही. राहू दिलं.

त्यांच्या खिशात तपकिरीच्या डबीत खडेमीठ असायचं. उन्हाळ्यात लोणखेड्यापर्यंत फिरून परत आले की भर बाजारात स्वतःचं मनगट चाटायचे, विचार केल्यासारखं करायचे आणि डबीतून एक खडा जिभेवर ठेवायचे. “गेलं तेवढं परत घ्यावं लागतं,” म्हणायचे. पोरांनी त्यांना ‘लूणमास्तर’, म्हणजे मीठमास्तर, असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना आवडायचंही. ‘मन’ या शब्दाचा मात्र त्यांना भलता राग. एकदा एक विद्यार्थी म्हणाला, सर, अभ्यासात मन लागत नाही. झालं! वर्ग थांबवून सरांनी त्याला फळ्यापाशी नेलं आणि डोक्याचं चित्र काढून खडू त्याच्या हातात दिला. “दाखव कुठंय मन. खूण कर.” पोरगं घामाघूम. शेवटी सरच म्हणाले, “इथं आहे ते खारं पाणी आणि दारं. दारं उघडतात, दारं मिटतात. बाकी सगळ्या कविता.” मराठीचे शिक्षक त्यांच्याशी पंधरा दिवस बोलत नव्हते.

त्यांचं वैद्यकीचं शिक्षण चौथ्या वर्षाला सुटलं होतं असं लोक म्हणायचे. का सुटलं ते मला फार नंतर कळलं, आणि ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. “माझ्या आईला अकरा वर्षं बाहेरून कडी लावलेल्या खोलीत ठेवलं होतं, ती गेली तेव्हा मी परीक्षेला बसलो होतो.” एवढंच. त्यानंतर मी कड्यांविषयी बोललो नाही.

बेडकांचं प्रकरण त्याआधीचं. आमचं घर जैनांचं; मुंगीवर पाय पडला तरी माँ दिवसभर हळहळणार. आणि सर शाळेत बेडूक कापायचे. घरात आणणार नाही असा त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळलाही, पण मला मात्र एकदा हट्टानं शाळेत घेऊन गेले. “शेठजी, मीठ विकता आणि मीठ म्हणजे काय हे ठाऊक नाही, लाज वाटू द्या.” मी तोंड फिरवून खिडकीपाशी उभा राहिलो. नको म्हटलं तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. बेडकाचा सुटा पाय, त्याची शीर, दोन तारा. तार लावली की पाय झटका द्यायचा. मग त्यांनी तो पाय साखरेच्या पाण्यात ठेवला, नुसत्या साखरेच्या, मीठ अजिबात नाही. थोड्या वेळानं तार लावली. काही नाही. पुन्हा लावली. काही नाही.

“मेला,” मी म्हटलं आणि मनात नवकार मंत्र सुरू केला.

“बेडूक मघाशीच मेला. हा पाय मेलेला नाही, त्याला मीठ नाही.” त्यांनी तो मिठाच्या पाण्यात घातला. जरा वेळ गेला, तार लावली आणि तो पाय उडाला हो! मी दचकून टेबलावर आपटलो. सर लहान मुलासारखे हसत होते. घरी येऊन मी आंघोळ केली आणि माँला काहीही सांगितलं नाही. त्या दिवशी जे बघितलं ते नीट लक्षात ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

आता जीजीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही.

जीजी माझी सख्खी मोठी बहीण. दोंडाईच्याला दिली होती, तीन वर्षांत सासरच्यांनी परत आणून सोडली. तिला झटके यायचे असं आम्ही म्हणायचो, पण ते फेफरं नव्हे. दोन महिने तिचा पाय जमिनीवर ठरायचा नाही. झोप नाही, जेवण नाही, पहाटेपासून गाणी, दुकानातली खडीसाखर रस्त्यावरच्या पोरांना ओंजळीनं वाटून टाकायची, परक्या माणसांना हाताला धरून घरात जेवायला आणायची. मग एक दिवस सगळं थांबायचं. भिंतीकडे तोंड करून तीन-तीन महिने पडून राहायची. वेणी मी घालायचो. होय, मी. माँचे हात थरथरायचे आणि बायको तोवर आली नव्हती. गावच्या डॉक्टरांनी कसलं कसलं खारट औषध दिलं, एकानं गोळ्या दिल्या, त्यांनी ती नुसती गोणपाटासारखी बसून राहायची, लाळ गळायची. एकदा ती गोमाई नदीच्या डोहाकडे चाललेली हमालानं बघितली आणि उचलून आणली. त्यानंतर माँनं माझ्याजवळ तिच्या खोलीला बाहेरून लावायला कडी मागितली.

सरांनी काढून दिलेल्या दोन कड्या माझ्या गल्ल्याच्या मागे पडून होत्या. त्यातली एक घेऊन मी जिन्याखाली उभा होतो, तेवढ्यात सर वरून उतरले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. जीजीच्या खोलीतून गाणं येतच होतं.

“ही नका लावू,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “मला एक महिना द्या.”

त्यांचा एक वर्गमित्र विलायतेहून मनाच्या रोगांचं शिकून मुंबईला परतला होता. त्याच्याकडे आम्ही जीजीला नेलं, नंदुरबारहून रेल्वेनं सुरतेवरून, सर आणि मी दोन्हीकडून तिचा हात धरून. त्या डॉक्टरांनी एक पांढरी भुकटी सांगितली. ती फार तोलून द्यावी लागते, कमी पडली तर फुकट आणि थोडी जास्त झाली तर विष, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. तोलायचं काम सरांनी अंगावर घेतलं. शाळेच्या काचेतल्या तराजूवर ते पुड्या बांधायचे.

“हे करतं तरी काय?” मी एकदा दुकानात विचारलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

सर उठले आणि माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले. “हे मेंदूतल्या एका पेशीचं दार समजा. बाहेर बाजाराच्या दिवसाची गर्दी, ते मीठ. मिठातला सोडियम म्हणा. आत तुमचे हमाल, ते वेगळ्या जातीचे क्षार. दार उघडलं की गर्दी आत घुसते, तो एक झटका. मग हमाल बाहेर पडतात, दार मिटतं, आत शिरलेल्यांना पुन्हा एकेक करून बाहेर काढावं लागतं. आपण बोलतो, रडतो, हिशेब करतो, ते सगळं असल्या करोडो दारांचं उघडणं-मिटणं. ताईंची दारं कधी मिटायचंच विसरतात, कधी उघडायचं.”

“आणि ही भुकटी?”

“लिथियम. मिठातल्या सोडियमचा थोरला भाऊ, मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याच्याच डोक्यावर राहतो. चेहरा इतका सारखा की सोडियमच्या दारातून बिनबोभाट आत जातो. पण आत गेला की लवकर बाहेर पडत नाही, रेंगाळतो. त्यानं दंगा कमी होतो.” मग ते थांबले, डबी काढली, परत ठेवली. “शेठजी, खरं सांगू? नेमकं कसं होतं ते अजून कुणालाच माहीत नाही. मी तुम्हाला अंदाज सांगतोय. एक गोष्ट मात्र अंदाज नाही. मूत्रपिंडालाही हे दोघे भाऊ ओळखता येत नाहीत. जेवणातलं मीठ तुटलं की ते घाबरून मिळेल ते धरून ठेवतं, मीठ समजून हेच साठवतं. मग दोन महिन्यांचं विष आठ दिवसांत चढतं. म्हणून ताईंचं मीठ कधी कमी करायचं नाही. वाढवायचंही नाही. तुम्ही मला रोज सांगायचं.”

तेव्हापासून तो रोजचा प्रश्न. आणि संध्याकाळी ते ओसरीवर येऊन म्हणायचे, “ताई, हात पुढे करा.” जीजी दोन्ही हात पसरायची, बोटं फाकवून. ते कापतायत का तेवढं बघायचे, आणि निघून जायचे. हाताला कधी स्पर्श केला नाही.

आणि जीजी बरी झाली. काय सांगू तुम्हाला! दिवाळीनंतर औषध सुरू झालं, संक्रांतीला तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली. मी दारात उभा राहून बघत होतो, तर म्हणाली, “जा ना दुकानात, बाई बघितली नाहीस का कधी?” चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझी चेष्टा केली होती. मी दुकानात जाऊन गुळाच्या ढेपेमागे बसून रडलो. फाल्गुनात ती माँबरोबर उपाश्रयात साध्वींच्या प्रवचनाला गेली. ज्या बायका तिला बघून पोरं कडेला ओढायच्या, त्यांनी सरकून जागा दिली.

तिथंच घात झाला.

चैत्रात आमच्यात आयंबिलची ओळी असते. नऊ दिवस, दिवसातून एकदा, एका जागी बसून, तूप-तेल-दूध-गूळ काही नसलेलं उकडलेलं अन्न. काही घरांत त्यात सैंधव चालतं. आमच्या घराण्यात ते अळणी करायचं, पूर्वीपासून. माँनं मानता केली होती, पोरगी बरी झाली तर तिच्याकडून ओळी करवीन. आणि जीजीलाही करायची होती. घरात आम्ही मारवाडीच बोलायचो, पण तिचं बोलणं मला आज मराठीतच आठवतं. ती दुकानामागच्या कोठीत आली आणि माझा सदरा धरून म्हणाली, “भाई, सरांना सांगू नकोस. ते नाही म्हणतील. मला एकदा सगळ्यांसारखं करू दे. नऊ दिवस तर आहेत.”

मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी आजपर्यंत सगळ्यांना भासवलं, पण माहीत होतं. फक्त खरं वाटत नव्हतं. आमच्या कितीतरी पिढ्यांनी, म्हाताऱ्यांनी, पोरीबाळींनी ही ओळी केली, कुणाला काही झालं नाही. मिठावाचून कुणी मरतं का? आणि खोटं कशाला बोलू, सरांच्या रोजच्या चौकशीचा मला कंटाळाही आला होता. घर आमचं, बहीण आमची, आणि हे कोण रोज विचारणार?

पहिल्या दिवशी सकाळी सर पायरीवर आले. “शेठजी, आज भाजीत मीठ आहे ना?”

“हो,” मी म्हटलं.

“नेहमीइतकं?”

“नेहमीइतकं.”

ते गेले. वार्षिक परीक्षा चालू होत्या, संध्याकाळी त्यांना पेपर तपासायचे असत. तरी दोनदा ओसरीवर आले. “ताई कुठंयत? हात बघायचे राहिलेत.” मी म्हटलं, उपाश्रयात प्रतिक्रमणाला गेलीय. ते खरंच होतं. ऊन तर असं की प्रकाशा गावाकडच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. जीजी दिवसभर घामानं निथळायची आणि उकळून गार केलेलं पाणी प्यायची, तेही सूर्य मावळेपर्यंतच. पुड्या मात्र वेळेवर घ्यायची. औषधाला हरकत नाही असं माँनं उपाश्रयात विचारून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी तिला उलटी झाली. सहाव्या दिवशी चालताना भिंत धरायला लागली. माँ म्हणाली, तपाचा थकवा आहे. बायका येऊन तिच्या पायाला हात लावून जात होत्या. सातव्या दिवशी दुपारी ती ओसरीवर बसली होती, वाटीतलं पाणी ओठापर्यंत नेत होती, आणि सगळं पाणी पदरावर सांडत होतं. काहीतरी बोलत होती, पण शब्द चिखलातून ओढल्यासारखे येत होते. त्याच वेळी सर पेपरांचं गाठोडं घेऊन दारातून आत आले.

त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. गाठोडं तिथंच पडलं.

“मीठ!” ते ओरडले. “मीठ आणि पाणी आणा! केव्हापासून? शेठजी, केव्हापासून?”

माँच आडवी आली. “मास्टरजी, दो दिन बाकी है. म्हारी छोरी रो तप मत तोडो.”

सात दिवस पोटात मिठाचा कण नाही, हे सरांना तिच्याकडूनच कळलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. वर्गात नेहमी बरोबर उत्तर देणारा पोरगा चुकला की मास्तर बघतो, तसं. पुढच्या क्षणी त्यांनी खिशातली डबी काढली, जीजीच्या पाण्यात उपडी केली, बोटानं ढवळली आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. पहिल्यांदाच त्यांनी तिला हात लावला होता. जीजीनं दात मिटून घेतले. बघत होती माझ्याकडे. “ताई, घ्या,” ते म्हणत होते, “पाप माझ्या नावावर, ताई, घ्या हो.” पाणी सगळं बाहेर आलं.

कापसाच्या जिनिंगवाल्यांची जीप मागून आणली आणि धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाटली लावली. रात्रंदिवस बाटल्या. त्या कशाच्या, मी विचारलं. “सलाईन,” डॉक्टर म्हणाले. “मिठाचं पाणी.”

जीजी वाचली. चालताना थोडी झोकांडी कायमची राहिली, पण वाचली. अकराव्या दिवशी घरी आलो तर समाजातली चार मोठी माणसं आमच्या ओसरीवर बसलेली. मास्तरानं जैनाच्या लेकीला विष घातलं, तपस्विनीचं व्रत मोडलं, बेडूक मारणाऱ्याला घरात ठेवलंच कसं. हायस्कुलाच्या मंडळातलेही एक जण होते. सरांना खाली बोलावलं.

“पुड्या तुम्ही बांधत होता?”

“हो.”

“त्या पुड्यांनीच असं झालं?”

“हो. मीठ बंद झाल्यावर.”

“मीठ बंद करायचं नाही हे तुम्ही घरात सांगितलं होतं का?”

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते दाराच्या चौकटीकडे बघत होते. मी माँच्या शेजारी, त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. यांनी रोज विचारलं, आणि मी रोज खोटं सांगितलं. एवढंच. माँ बाजूला होती, समाज समोर होता, माझ्या लग्नाची बोलणी चालली होती.

“माझी चूक आहे,” सर म्हणाले. “रोज हात बघायला हवे होते. नुसत्या विचारण्यावर राहिलो.”

चार दिवसांनी ते गेले. जाण्याआधी त्यांनी गल्ल्यामागून दोन्ही कड्या मागून घेतल्या, वर जाऊन पेचकसानं बसवल्या, आणि दार लावून-उघडून मला दाखवलं, नीट लागतात म्हणून. हमाल ट्रंका गाडीवर चढवून परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

“मास्तर चालना गया, शेठ. त्याना काय गुन्हा व्हता?”

मी त्याला कामाला लाग म्हणून खेकसलो.

उरलेल्या पुड्या माँनं गोमाईत सोडल्या. मी मुंबईच्या डॉक्टरांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, रोज लक्ष ठेवणारं जाणतं माणूस जवळ नसेल तर हे औषध मी पुन्हा देऊ शकत नाही. जाणतं माणूस कुठून आणू? होतं ते मीच घालवलं होतं. पावसाळ्यात जीजी पुन्हा गायला लागली. हिवाळ्यात भिंतीकडे वळली. मी वेणी घालायचो. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. कशी गेली ते लिहीत नाही. एवढंच की त्या सकाळी तिच्या खोलीला मी कडी लावली नव्हती. सरांचं ऐकून लावली नव्हती, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मात्र सर नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी मी खरेदीसाठी धुळ्याला गेलो होतो. एस.टी. स्टँडवर चोपड्याच्या गाडीपाशी छत्री काखेत धरलेला माणूस दिसला. मान वाळून लांब वाटत होती. केस पांढरे झाले होते. त्यांनीच मला ओळखलं आणि गर्दीतून वाट काढत आले. त्यांना बघून मी मनात शब्द जुळवत होतो. सर, मी खोटं बोललो होतो. सर, तुम्ही कुणाला सांगितलं नाही. सर, जीजी गेली. कुठलं आधी सांगावं तेच कळेना.

कुणीतरी त्यांना कळवलं असेल असं मी धरून चाललो होतो. कुणी कळवलं नव्हतं. नमस्कार नाही, रामराम नाही. छत्री या काखेतून त्या काखेत घेतली आणि म्हणाले, “शेठजी, ताईंच्या जेवणात मीठ असतं ना?”

मागे कंडक्टरनं घंटी मारली. सर माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नव्हते.

“हो, सर,” मी म्हटलं. “नेहमीइतकं.”

त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कधीच बघितला नव्हता. “बरं झालं,” ते म्हणाले आणि गाडीत चढले.